कोनमापकाविना कोन : तीन बाजूंच्या मापांतून शेताची खरी आकृती

शेतीतील बहुतेक हिशेबांचा पाया क्षेत्रफळ हा असतो. बियाण्याचे प्रमाण हेक्टरी सांगितले जाते, खतांची मात्रा हेक्टरी, तणनाशकाची मात्रा हेक्टरी आणि उत्पादनाची नोंदही हेक्टरीच होते. ट्रॅक्टरच्या मशागतीचा दर एकरी ठरतो, जमिनीचा खंडही एकरावर ठरतो. पायाचा हा आकडाच चुकला तर त्यावर रचलेला प्रत्येक हिशेब तितकाच चुकतो.

प्रात्यक्षिकाच्या प्लॉटची आखणी करण्यासाठी विस्तार कार्यकर्ता शेतावर पोहोचतो, तेव्हा त्याच्याजवळ सामान्यतः टेप, काही खुंट्या, सुतळी आणि वही एवढेच साहित्य असते. कोन मोजण्याचे उपकरण नसते. चारही बांधांची लांबी घेतली जाते, समोरासमोरच्या बांधांची सरासरी काढली जाते आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार हे शेताचे क्षेत्रफळ मानले जाते. ही रीत सोपी आणि सर्वत्र रूढ आहे. मात्र शेताच्या कोपऱ्यांवर बांध एकमेकांना किती अंशांत मिळतात, हा प्रश्न ती विचारतच नाही. या एका प्रश्नाचे उत्तर टेपनेच मिळवता येते. त्यासाठी आणखी एक लांबी मोजावी लागते आणि त्रिकोणाच्या तीन बाजूंवरून कोन काढण्याची शालेय गणितातील रीत वापरावी लागते.

चार बाजू पुरेशा का नाहीत?

चार काठ्या टोकांना खिळ्यांनी जोडून चौकट केली आणि ती एका कोपऱ्यातून दाबली, तर चौकट तिरपी होते. काठ्यांची लांबी तीच राहते. आतील जागा मात्र कमी होत जाते. तीन काठ्या जोडून केलेला त्रिकोण असा दाबता येत नाही. तीन लांब्या ठरल्या की त्याचे तिन्ही कोन ठरतात आणि क्षेत्रफळही ठरते. छपराच्या कैचीत आणि पुलांच्या सांगाड्यात त्रिकोण योजण्याचे कारणही हेच आहे.

हाच फरक शेतावर पाहू. एका शेताचे समोरासमोरचे बांध ५० मीटर व ५० मीटर आणि ४० मीटर व ४० मीटर आहेत. रूढ रीतीने क्षेत्रफळ २,००० चौरस मीटर येते. शेताचे कोपरे काटकोनी असतील तर हे उत्तर बरोबर आहे आणि त्या स्थितीत एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर, म्हणजे कर्ण, ६४.०३ मीटर भरेल. पण समजा, हा कर्ण प्रत्यक्षात ५० मीटरच भरला. मग त्याच्या समोरचा कोपरा काटकोनी नसून सुमारे ६६.४ अंशांचा आहे आणि शेताचे खरे क्षेत्रफळ १,८३३ चौरस मीटर आहे. बांधांची चारही मापे अचूक असूनही १६७ चौरस मीटरची, म्हणजे सुमारे १.६५ गुंठ्यांची, जमीन कागदावर जास्त दिसत होती.

या चुकीचे वैशिष्ट्य असे की ती नेहमी एकाच दिशेने होते. सरासऱ्यांच्या गुणाकाराने येणारे क्षेत्रफळ खऱ्या क्षेत्रफळापेक्षा कधीही कमी येत नाही. आयताकृती शेतात ते बरोबर येते आणि अन्य सर्व चौकोनांत ते जास्तच येते. त्यामुळे अनेक शेतांची मापे एकत्र केली तरी या चुका एकमेकींना भरून काढत नाहीत. त्या साचत जातात. एकरी दराने मशागत करून घेणारा किंवा खंडाने जमीन कसणारा शेतकरी अशा मापात दरवेळी थोडे जास्त पैसे मोजतो.

जुन्या गणितग्रंथांतील इशारा

हा प्रश्न भारतीय गणितज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होता. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये रचलेल्या ब्राह्मस्फुटसिद्धान्त या ग्रंथात समोरासमोरच्या बाजूंच्या सरासऱ्यांचा गुणाकार दिला आहे. पण त्या उत्तराला त्याने ‘स्थूल’ म्हटले आहे आणि ‘सूक्ष्म’ क्षेत्रफळासाठी वेगळा नियम सांगितला आहे.

भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या लीलावतीत हा इशारा अधिक कठोर शब्दांत येतो. चार बाजू तेवढ्याच राहूनही चौकोनाची आकृती बदलू शकते; म्हणून लंब किंवा कर्ण यांपैकी एकही माप न देता चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणारा पिशाच होय आणि ते सांगणारा त्याहूनही अधिक, असा त्या वचनाचा आशय आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. साडेआठशे वर्षांपूर्वीचा तो इशारा आजही प्रत्येक शेतमोजणीला लागू पडतो.

तीन बाजूंवरून कोन : नियम

चौकोनी शेतात एक कर्ण मोजला की शेताचे दोन त्रिकोण होतात. प्रत्येक त्रिकोणाच्या तिन्ही बाजू ज्ञात असतात. आता ज्या कोपऱ्याचा कोन हवा असेल, त्याला लागून असलेल्या दोन बाजू आणि त्याच्या समोरची एक बाजू वेगळी लिहून पुढील क्रिया करावी.

१. लगतच्या दोन्ही बाजूंचे वर्ग करून त्यांची बेरीज करावी.
२. त्या बेरजेतून समोरच्या बाजूचा वर्ग वजा करावा.
३. लगतच्या दोन बाजूंचा गुणाकार करून त्याची दुप्पट करावी.
४. दुसऱ्या पायरीच्या उत्तराला तिसऱ्या पायरीच्या उत्तराने भागावे.

भागाकार म्हणून मिळणारी संख्या ही त्या कोनाची कोज्या, म्हणजेच शालेय पुस्तकांत ‘कॉस’ या नावाने येणारे गुणोत्तर, होय. मोबाइलमधील वैज्ञानिक कॅल्क्युलेटरवर ‘कॉस’चे व्यस्त बटण वापरले की कोन अंशांत मिळतो. कॅल्क्युलेटर ‘अंश’ या मापावर आहे ना, याची खात्री आधी करून घ्यावी. तो ‘रेडियन’वर असल्यास उत्तर निरर्थक येते. खात्रीसाठी ०.५ ही संख्या देऊन पाहावी. उत्तर ६० आले पाहिजे.

दुसऱ्या पायरीचे उत्तर कॅल्क्युलेटरशिवायही बरेच काही सांगते. ते शून्य आले तर कोपरा काटकोनी आहे. ते धन आले तर कोन ९० अंशांपेक्षा लहान आहे आणि ऋण आले तर कोन ९० अंशांपेक्षा मोठा आहे. पायथागोरसचा परिचित सिद्धांत हा या नियमाचाच काटकोनापुरता विशेष प्रकार ठरतो.

ज्यांना कोज्या वापरायची नसेल त्यांच्यासाठी लीलावतीत ‘आबाधा’ काढण्याची रीत आहे. त्रिकोणाच्या एका बाजूला पाया मानावे. समोरच्या कोपऱ्यातून पायावर लंब टाकला तर पायाचे जे दोन तुकडे पडतात, त्यांना आबाधा म्हणतात. उरलेल्या दोन बाजूंची बेरीज आणि वजाबाकी यांचा गुणाकार करून त्याला पायाने भागावे. आलेली संख्या पायातून वजा करून निम्मी केली की लहान आबाधा मिळते. पायात मिळवून निम्मी केली की मोठी मिळते. आबाधा मिळाली की लंबाची उंची आणि त्रिकोणाचे क्षेत्रफळ पायथागोरसच्या सिद्धांताने निघते. आबाधेला तिच्या लगतच्या बाजूने भागले की तीच कोज्या मिळते. दोन्ही रीती एकाच गणिताची दोन रूपे आहेत.

एका शेताचे पूर्ण उदाहरण

क, ख, ग, घ असे चार कोपरे असलेल्या प्लॉटची मापे अशी आहेत : कख ३९ मीटर, खग ४२ मीटर, गघ ३६ मीटर, घक २७ मीटर. क ते ग हा कर्ण ४५ मीटर भरला.

रूढ रीतीने कख व गघ यांची सरासरी ३७.५ मीटर आणि खग व घक यांची सरासरी ३४.५ मीटर येते. त्यांचा गुणाकार १,२९३.७५ चौरस मीटर होतो.

आता कर्णामुळे झालेले दोन त्रिकोण घेऊ. पहिल्या त्रिकोणाच्या बाजू ३९, ४२ आणि ४५ मीटर आहेत. लीलावतीतील उदाहरणात १३, १४ आणि १५ बाजूंचा त्रिकोण येतो. प्रस्तुत त्रिकोण त्याच्या तिप्पट आहे. ४२ मीटरचा बांध पाया मानू. उरलेल्या बाजूंची बेरीज ८४ आणि वजाबाकी ६. त्यांचा गुणाकार ५०४. त्याला ४२ ने भागल्यास १२. म्हणून लहान आबाधा १५ मीटर आणि मोठी आबाधा २७ मीटर. लंबाची उंची काढण्यासाठी ३९ च्या वर्गातून, म्हणजे १,५२१ मधून, १५ चा वर्ग २२५ वजा केला की १,२९६ उरतात आणि त्यांचे वर्गमूळ ३६ आहे. क्षेत्रफळ ४२ गुणिले ३६ भागिले २, म्हणजे ७५६ चौरस मीटर.

ख कोपऱ्याचा कोन : लगतच्या बाजूंच्या वर्गांची बेरीज १,५२१ अधिक १,७६४ म्हणजे ३,२८५, त्यातून ४५ चा वर्ग २,०२५ वजा केल्यास १,२६०, त्याला ३९ व ४२ यांच्या गुणाकाराच्या दुपटीने, म्हणजे ३,२७६ ने, भागल्यास ०.३८४६. हा कोन ६७.३८ अंशांचा आहे. १५ ला ३९ ने भागले तरी हेच उत्तर येते. याच त्रिकोणात ग कोपऱ्याशी ५३.१३ अंशांचा आणि क कोपऱ्याशी उरलेला ५९.४९ अंशांचा कोन होतो.

दुसऱ्या त्रिकोणाच्या बाजू ४५, ३६ आणि २७ मीटर आहेत. घ कोपऱ्यासाठी ३६ चा वर्ग १,२९६ आणि २७ चा वर्ग ७२९ यांची बेरीज २,०२५ होते; ४५ चा वर्गही २,०२५ आहे. म्हणजे घ कोपरा बरोबर काटकोनी आहे. या त्रिकोणाचे क्षेत्रफळ ४८६ चौरस मीटर. क कोपऱ्याशी ५३.१३ अंशांचा आणि ग कोपऱ्याशी ३६.८७ अंशांचा कोन होतो.

दोन्ही त्रिकोण मिळून प्लॉटचे क्षेत्रफळ १,२४२ चौरस मीटर, म्हणजे १२.४२ आर किंवा सुमारे १२.२८ गुंठे आहे. रूढ रीतीचे उत्तर त्याहून ५१.७५ चौरस मीटरने, म्हणजे ४ टक्क्यांहून अधिक, मोठे होते.

चारही कोपऱ्यांचे कोन जोडून पाहिले की आणखी एक गोष्ट उघड होते. ग कोपऱ्याचे ५३.१३ आणि ३६.८७ मिळून ९० अंश होतात. ग आणि घ हे दोन्ही कोपरे काटकोनी आहेत. म्हणजेच खग आणि घक हे बांध परस्परांना समांतर असून त्यांच्यातील अंतर सर्वत्र ३६ मीटर आहे. पेरणीच्या ओळी किंवा ठिबकच्या उपनळ्या या दोन बांधांना समांतर धराव्यात, म्हणजे अपुऱ्या ओळी पडणार नाहीत आणि सर्व तिरपेपणा एका कख बांधाकडे राहील. शेतात उभे राहून नजरेने हे सहज ओळखता येत नाही. पाच लांब्यांच्या मापांनी ते समजले.

चार टक्क्यांचे मोल

चार टक्के ही क्षुल्लक चूक वाटू शकते. या प्लॉटवर नव्या वाणाचे प्रात्यक्षिक घेतले आणि ५०० किलो धान्य मिळाले, असे समजू. १,२९३.७५ चौरस मीटर धरून हिशेब केला तर उत्पादन हेक्टरी सुमारे ३,८६५ किलो दिसेल. खऱ्या क्षेत्रफळावर ते हेक्टरी सुमारे ४,०२६ किलो आहे. हेक्टरी १६० किलोंहून अधिक उत्पादन कोठेही न सांडता नोंदीतून नाहीसे झाले. तुलनेचा प्लॉट आयताकृती असेल तर त्याचा आकडा मात्र बरोबर येईल. चार टक्क्यांनी सरस असलेला वाण अशा नोंदीत सरस दिसणारच नाही आणि शेतकऱ्यांना दिला जाणारा सल्ला या चुकीवर उभा राहील.

तणनाशकाच्या बाबतीत चूक उलट बाजूने जाणवते. क्षेत्र जास्त धरल्यामुळे फवारणीत औषध जास्त पडते. खर्च वाढतो आणि मात्रेबाबत संवेदनशील पिकाला इजा होण्याचा संभव वाढतो.

पीक कापणी प्रयोगातील कर्ण

प्रधानमंत्री पीक विमा योजनेत नुकसानभरपाईचा आधार ठरणाऱ्या पीक कापणी प्रयोगांतही हाच प्रश्न येतो. अनेक राज्यांत १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद असा आयताकृती प्लॉट आखला जातो. त्याचे क्षेत्रफळ ५० चौरस मीटर. आखणीच्या वेळी कर्ण ११.१८ मीटर येतो का, हे तपासण्याचे कारण येथे स्पष्ट होते. १०० आणि २५ यांची बेरीज १२५ आणि तिचे वर्गमूळ ११.१८. दोन्ही कर्ण ११.१८ मीटर भरले की चारही कोपरे काटकोनी असतात.

समजा, घाईत कर्ण तपासला नाही आणि एका कोपऱ्याशी ७५ अंशांचा कोन झाला. प्लॉटच्या बाजू १० व ५ मीटरच राहतात. पण एक कर्ण ९.९६ मीटर आणि दुसरा १२.२८ मीटर होतो. क्षेत्रफळ ४८.३० चौरस मीटर उरते. कापलेले धान्य मात्र ५० चौरस मीटरचे मानले जाते, त्यामुळे उत्पादकता साडेतीन टक्क्यांच्या जवळपास कमी नोंदली जाते. ज्या आकड्यावर संपूर्ण गावाच्या किंवा मंडळाच्या शेतकऱ्यांचा हक्क ठरतो, त्यात असा दोष राहू देणे योग्य नाही.

उत्तर प्रदेशात याच प्रयोगांसाठी १० मीटर बाजूचा समभुज त्रिकोण आखण्याची पद्धत आहे. त्याचे क्षेत्रफळ ४३.३० चौरस मीटर असते. तेथे कोन वेगळा तपासण्याची गरज उरत नाही. तिन्ही बाजू १० मीटर असल्या की प्रत्येक कोन ६० अंशांचाच होतो, कारण त्रिकोणाला तिरपे होण्यास वाव नसतो. आयताला कर्णाची राखण लागते. त्रिकोण आपली राखण आपणच करतो.

फळबागेची आखणी

फळबाग लागवडीत पहिला काटकोन चुकला तर शेवटच्या ओळीपर्यंत ती चूक वाढत जाते. त्यासाठी ३, ४ आणि ५ या प्रमाणातील त्रिकोण सर्वत्र वापरला जातो. शेतावर मोठा त्रिकोण घेणे अधिक चांगले. टेपचे शून्य आणि २४ मीटरची खूण एकाने एकत्र धरावी, दुसऱ्याने ६ मीटरची खूण आणि तिसऱ्याने १४ मीटरची खूण धरून टेप ताणावी. ६, ८ आणि १० मीटर बाजूंचा त्रिकोण तयार होतो आणि ६ मीटरच्या खुणेपाशी काटकोन मिळतो.

षट्कोनी लागवडीत प्रत्येक झाड समभुज त्रिकोणाच्या टोकावर येते. झाडांतील अंतर १० मीटर ठेवल्यास ओळींतील अंतर ८.६६ मीटर होते. चौरस पद्धतीत हेक्टरी १०० झाडे बसतात, तेथे या पद्धतीत सुमारे ११५ झाडे बसतात. येथे आखणीसाठी कोणतेही कोष्टक लागत नाही. १० मीटरच्या दोन समान दोऱ्या दोन खुंट्यांना बांधून त्यांची मोकळी टोके एकत्र ताणली की तिसऱ्या झाडाची जागा मिळते.

कोपऱ्यावरच कोन मोजण्याची सोपी रीत

मोठ्या शेतात उभे पीक असल्यास कर्ण मोजणे कठीण जाते. अशा वेळी कोपऱ्यापाशी लहान त्रिकोण घ्यावा. कोपऱ्यापासून दोन्ही बांधांवर बरोबर १० मीटर अंतरावर खुंट्या ठोकाव्यात आणि दोन खुंट्यांमधील सरळ अंतर मोजावे. त्यावरून कोन पुढीलप्रमाणे मिळतो.

१०.०० मीटर : ६० अंश
११.४७ मीटर : ७० अंश
१२.८६ मीटर : ८० अंश
१३.५१ मीटर : ८५ अंश
१४.१४ मीटर : ९० अंश
१४.७५ मीटर : ९५ अंश
१५.३२ मीटर : १०० अंश
१६.३८ मीटर : ११० अंश
१७.३२ मीटर : १२० अंश

काटकोनाच्या आसपास एका अंशाला सुमारे १२ सेंटिमीटरचा फरक पडतो. त्यामुळे मापात एक-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे झाले तरी कोन पुरेसा अचूक मिळतो. कोन १७० अंशांच्या जवळ असेल तर मात्र एका अंशाला जेमतेम दीड सेंटिमीटर फरक पडतो आणि ही रीत विश्वासार्ह राहत नाही. म्हणूनच मोजणीशास्त्रात त्रिकोणाचा कोणताही कोन ३० अंशांपेक्षा लहान किंवा १२० अंशांपेक्षा मोठा नसावा, असा संकेत पाळला जातो.

मोजणी करताना घ्यावयाची काळजी

• टेप ताणून आणि आडव्या पातळीत धरावी. २० टक्के उताराच्या जमिनीवर उतारालगत मोजलेली लांबी आडव्या लांबीपेक्षा सुमारे २ टक्क्यांनी जास्त भरते. अशा ठिकाणी पायऱ्यांप्रमाणे लहान टप्प्यांत मोजावे.
• कोणत्याही त्रिकोणात दोन बाजूंची बेरीज तिसऱ्या बाजूपेक्षा मोठीच असते. तसे नसेल तर एखादे माप चुकले आहे. कॅल्क्युलेटरही अशा वेळी उत्तर देत नाही.
• शेताचा एखादा कोपरा आतल्या बाजूस वळलेला असल्यास, शेताच्या आतून जाणारा कर्णच निवडावा.
• पाच कोपऱ्यांच्या शेताला दोन कर्ण आणि सहा कोपऱ्यांच्या शेताला तीन कर्ण लागतात. बांध वाकडा असल्यास सरळ रेषा धरून उरलेल्या तुकड्याचे लंब वेगळे मोजावेत.
• पडताळणीसाठी एक माप जास्त घ्यावे. वरील उदाहरणात ख ते घ हा दुसरा कर्ण गणिताने ५५.३२ मीटर येतो. प्रत्यक्ष मापही तेवढेच आले तर मोजणी विश्वसनीय ठरते.
• मापे मीटरमध्ये घ्यावीत आणि शेवटी स्थानिक एककात रूपांतर करावे. महाराष्ट्रात ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर; पंजाबात ८ कनालांचा एकर; दक्षिणेतील राज्यांत १०० सेंटचा एकर. बिघ्याचे माप मात्र प्रदेशागणिक बदलते, म्हणून तेथे विशेष दक्षता घ्यावी.

कर्ण काटेकोर मोजता आला नाही तरी तो मोजणे टाळू नये. वरील प्लॉटमध्ये कर्ण ४५ ऐवजी चुकून ४५.१० मीटर नोंदला गेला असता, तर एकूण क्षेत्रफळात एक चौरस मीटरचाही फरक पडला नसता. कर्ण मुळीच न मोजल्यामुळे पडलेला फरक ५१.७५ चौरस मीटरचा होता.

ही मोजणी निविष्ठांचे नियोजन, प्रात्यक्षिके आणि लागवडीची आखणी यांसाठी आहे. हद्दीच्या वादात किंवा खरेदीविक्रीत तिला कायदेशीर मोजणीचे स्थान नाही. त्यासाठी संबंधित राज्याच्या भूमी अभिलेख विभागाकडे रीतसर अर्ज करावा लागतो. तरीही अर्ज करण्यापूर्वी शेतकऱ्याला आपल्या शेताची आकृती स्वतः कागदावर उतरवता आली, तर त्याला नकाशा समजून घेणे आणि नेमका प्रश्न विचारणे सुलभ होते.

साखळीपासून उपग्रहापर्यंत

इ. स. १८०२ मध्ये आजच्या चेन्नईजवळ सुरू झालेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात एक पायारेषा अत्यंत काळजीपूर्वक मोजून पुढे मुख्यतः कोन मोजले जात आणि कोनांवरून लांब्या काढल्या जात. लांब अंतरे साखळीने मोजणे त्या काळी अतिशय कष्टाचे होते. आज परिस्थिती उलटली आहे. उपग्रहाधारित स्थाननिश्चितीत ग्राहक यंत्र किमान चार उपग्रहांपासूनची अंतरे निश्चित करते आणि केवळ अंतरांवरून पृथ्वीवरील स्थान काढते. साधन बदलले, लांब्यांवरून आकृती ठरवण्याचा विचार मात्र टेपच्या मोजणीत आहे तोच आहे.

मोबाइलवरील क्षेत्रमापनाची अ‍ॅपही उपयुक्त आहेत. परंतु साध्या मोबाइलवर दाखवले जाणारे स्थान काही मीटरने चुकू शकते आणि काही गुंठ्यांच्या लहान प्लॉटमध्ये ती चूक टक्क्यांत मोठी भरते. अशा प्लॉटसाठी ताणलेली टेप, पाच मापे आणि दहा मिनिटांचे गणित अधिक भरवशाचे ठरते.

पुढील हंगामाच्या प्रात्यक्षिकांची आखणी करताना विस्तार कार्यकर्त्यांनी नोंदवहीत चार बांधांच्या रकान्यांपुढे कर्णाचा पाचवा रकाना वाढवावा आणि प्रगतिशील शेतकऱ्यांनी आपल्या प्रत्येक तुकड्याचा कर्ण एकदा मोजून लिहून ठेवावा. बांध हलले नाहीत तोवर हे माप पुन्हा घ्यावे लागत नाही आणि त्यावरून काढलेले क्षेत्रफळ प्रत्येक हंगामात उपयोगी पडते.